कोरण्याआधीचा क्षण

चांदीची किटली घडवून झाली आहे. पोट गोल उठलं आहे, तोटी बसली आहे, झाकण बसलं आहे, झिलईही देऊन झाली आहे. फक्त अंगावर अजून काही कोरलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या नावाची अक्षरं नाहीत, घराण्याचं चिन्ह नाही, वेलबुट्टी नाही. कोरण्या समोर टेबलावर काढून ठेवल्या आहेत. कारागिराने एका हाताने किटली धरली आहे, दुसऱ्या हातात हनुवटी टेकवली आहे आणि तो आपल्याकडे पाहतो आहे.

जॉन सिंगलटन कॉप्लीने 1768 मध्ये बॉस्टनला काढलेलं हे पॉल रिव्हिअरचं व्यक्तिचित्र. कॅनव्हासवर तैलरंग, उंची साधारण 89 सेंटिमीटर, रुंदी 72. म्हणजे घरातल्या भिंतीवर सहज मावेल एवढंच. आज ते बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याची चित्रं म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेगळंच काही येतं. बर्फाचे तुकडे तरंगणारी डेलावेअर नदी आणि नावेत ताठ उभा राहिलेला वॉशिंग्टन. किंवा टेबलाभोवती जमलेले प्रतिनिधी आणि जाहीरनाम्याचा मसुदा पुढे ठेवणारे पाच जण. पहिलं चित्र लॉइट्झेने 1851 मध्ये पुरं केलं, मूळ प्रसंगानंतर पाऊणशे वर्षांनी. दुसरं ट्रंबुलने हाती घेतलं तेव्हा लढा संपून तह झालेला होता. दोघांनाही गोष्टीचा शेवट ठाऊक होता, त्यामुळे त्यांच्या चित्रांतल्या माणसांनाही तो ठाऊक असल्यासारखा दिसतो. कॉप्लीला शेवट ठाऊक नव्हता. समोर बसलेल्या माणसालाही नव्हता. 1768 मध्ये बॉस्टनमध्ये कुरबूर होती, अर्ज होते, बहिष्काराची बोलणी होती, पण स्वतंत्र देश हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. या लढ्याची जेवढी चित्रं मी पाहिली, त्यांत मला हे सगळ्यांत खरं वाटतं ते एवढ्यासाठी. यात निर्णय अजून व्हायचा आहे.

आधी कपडे पाहू. त्या काळी पैसे मोजून आपलं चित्र काढून घेणारा माणूस अंगावर उत्तमातला कोट आणि डोक्यावर पावडर लावलेला केसांचा टोप घालून चित्रकारासमोर बसायचा. हात रिकामा असायचा, नाहीतर त्यात पुस्तक किंवा पत्र असायचं. जॉन हॅन्कॉक हा बॉस्टनचा धनाढ्य व्यापारी. 1765 मध्ये कॉप्लीने त्याला भल्यामोठ्या खतावणीपुढे बसवलं. ती वही कामाचीच, पण मालकाच्या कामाची. नॅथॅनिएल हर्ड तर रिव्हिअरच्याच धंद्यातला, चांदीकाम करणारा आणि धातूवर कोरणारा. त्याचंही चित्र कॉप्लीने साधारण त्याच सुमारास काढलं. त्यात हर्ड घरगुती रेशमी झगा पांघरून, डोक्याला फेट्यासारखं काही गुंडाळून, पुस्तकांशेजारी निवांत बसला आहे. दिवसभराचं काम आटोपून घरी आलेला सद्गृहस्थ. हत्यार कुठेही दिसत नाही.

रिव्हिअर सदऱ्यावर बसला आहे. कोट नाही, टोप नाही, गळ्याला रुमाल नाही. गळा उघडा, त्यातून आतला कपडा डोकावतो. निळसर हिरव्या जाकिटाच्या गुंड्या सोडलेल्या आहेत. सदऱ्याच्या बाह्या घोळदार आहेत आणि चित्रातला सगळ्यांत मोठा उजेड या पांढऱ्या लिननवरच पडला आहे. मागे गडद, रिकामी पार्श्वभूमी. खिडकी नाही, पडदा नाही, खांब नाही, लांब दिसणारी बाग नाही. माणूस, कपडा, लाकूड, धातू, बस.

या सदऱ्यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. त्या वर्षांत न्यू इंग्लंडमधल्या बाया गावोगाव एकत्र जमून चरखे चालवत होत्या, इंग्लंडहून येणारं कापड घ्यायचं नाही म्हणून घरचं सूत कातत होत्या. तेव्हा हा शुभ्र सदराही त्याच विचाराचा, असं काही जण सुचवतात. असेलही. मला मात्र सदऱ्यापेक्षा तो तसा दाखवू देण्याची तयारी मोठी वाटते. आपलं चित्र पिढ्यानपिढ्या भिंतीवर राहणार हे माहीत असलेला माणूस जेव्हा कामाच्या कपड्यांत बसायला कबूल होतो, तेव्हा तो आपल्या कामाला आपली ओळख म्हणतो. कॉप्लीने पुऱ्या केलेल्या व्यक्तिचित्रांत हत्यारांसह कामाच्या वेषात बसलेला कारागीर हा एकच.

कुणी म्हणेल, ही कसली कामाची जागा? टेबल तर आरशासारखं चकचकीत आहे. त्यावर चांदीचा कीस नाही, डाग नाही, चरा नाही. सदऱ्यावर काजळीचा ठिपका नाही. जाकिटाच्या गुंड्या तर सोन्याच्या दिसतात. सोनाराच्या दुकानात पाऊल टाकलेल्या कुणालाही कळेल की भट्टीजवळचा माणूस असा बसत नाही. आक्षेप खरा आहे. कॉप्लीने कार्यशाळा रंगवलेलीच नाही. त्याने कार्यशाळेतला एक क्षण उचलला, धुऊनपुसून स्वच्छ केला आणि एरवी ज्या टेबलापाशी मालक बसतो तिथे आणून ठेवला. कारागिराला मालकाच्या जागी बसवताना त्याची हत्यारं काढून घेतली नाहीत, इथे या चित्राचा मोठेपणा आहे. पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम मान्य कराव्या लागतात, की हा हाताने काम करणारा माणूस आहे आणि तो कुणाहून खाली नाही. ही मागणी 1768 मध्ये लहान नव्हती. आठ वर्षांनी फिलाडेल्फियात जे कागदावर उतरलं त्याच्या मुळाशी हीच मागणी होती.

आणि हे कोणाच्या हातून घडलं? ज्याला स्वतःला कारागीर म्हटलेलं खपत नव्हतं त्याच्या. कॉप्लीची आई बॉस्टनच्या धक्क्यावर तंबाखूचं दुकान चालवायची. सावत्र बाप पीटर पेलम ठसे कोरणारा होता. त्याच्या घरात मुलाने शाई आणि रंग पाहिले, पण तो बाप कॉप्ली तेरा वर्षांचा असतानाच वारला. पुढे जे शिकला ते छापील चित्रांवरून आणि स्वतःच्या डोळ्यांनी. विशीतच तो वसाहतींतला सगळ्यांत चांगला चित्रकार झाला, पैसाही मिळाला. तरी एका पत्रात त्याने खंत केली आहे की इथले लोक चित्रकलेला सुताराच्या, शिंप्याच्या, चांभाराच्या धंद्यासारखाच एक उपयोगी धंदा समजतात, थोर कलांमध्ये तिची गणना करत नाहीत. ही खंत 1767 च्या सुमाराची. आणि लगेच पुढे हे चित्र. पत्र लिहिणाऱ्या कॉप्लीला हाताच्या धंद्याची लाज होती, पण ब्रश हातात घेतलेल्या कॉप्लीने हाताच्या धंद्याला एवढा मान दिला, जेवढा त्याच्या आधी त्या भूमीत कुणी दिला नव्हता. कलावंताची मतं आणि कलावंताचा हात यांत हात किती पुढे असतो, याचा याहून सुंदर दाखला मला माहीत नाही.

आता किटलीपाशी येऊ, कारण चित्राचा जीव तिथे आहे. ती नुसती टेबलावर ठेवलेली नाही. तिच्याखाली चामड्याची गोल उशी आहे. कोरताना भांडं हवं तसं फिरवता यावं म्हणून कोरक्या अशी उशी वापरतो. त्या उशीवर किटली टेकवून रिव्हिअरने ती धरली आहे. आणि ज्या बोटांनी धरली आहे ती बोटं चांदीवर उमटली आहेत. ठशासारखी नव्हेत, प्रतिबिंब म्हणून. बोट जिथे धातूला टेकतं तिथे दुसरं बोट आतून त्याला येऊन भेटतं. गोल अंगावर ते थोडं वाकतं, थोडं पसरतं, त्वचेचा रंग चांदीत थंड होतो. हा एवढासा भाग रंगवायला कॉप्लीला केवढा वेळ लागला असेल! समोर बसणाऱ्यांना तो इतका वेळ बसवून ठेवायचा की ते कंटाळून जायचे, ही त्याची ख्यातीच होती. त्या वेळाचं फळ इथे दिसतं. ज्या हाताने भांडं घडवलं तोच हात भांड्यात दिसतो. रिव्हिअरची सही म्हणजे ही बोटं. दुसरं काही कोरायची गरज नाही, असं क्षणभर वाटून जातं.

कॉप्लीने 1765 मध्ये आपल्या धाकट्या सावत्र भावाचं, हेन्री पेलमचं, पाळलेल्या उडत्या खारीसह चित्र काढून लंडनच्या प्रदर्शनात पाठवलं होतं. तिथल्या जाणत्यांनी तोंड भरून स्तुती केली, पण एक दोषही सांगितला. रेघ फार कडक आहे, कडा फार धारदार आहेत, युरोपात येऊन हात मऊ करून घे. दोष म्हणून जे सांगितलं गेलं ते या चित्रात बळ होऊन बसलं आहे. चांदीला धारदार कड हवीच. झिलई दिलेल्या लाकडात कोरण्यांचं प्रतिबिंब पडतं तिथे रेघ कडकच हवी. कोरक्याचं चित्र कोरल्यासारखंच हवं. पुढे लंडनला जाऊन कॉप्लीने हात खरोखर मऊ केला, मोठमोठी ऐतिहासिक चित्रं काढली, राजदरबारी मान मिळवला. त्यांतलं काही फार चांगलंही आहे. पण या किटलीवरच्या बोटांसारखं त्याला पुन्हा काही साधलं, असं मी म्हणणार नाही.

चेहऱ्याबद्दल जास्त बोललं की तो हातातून निसटतो, म्हणून थोडंच सांगतो. रिव्हिअर तेव्हा तेहतीस वर्षांचा आहे. चेहरा रुंद, रंग तांबूस, केस स्वतःचे आणि गडद. भुवया किंचित वर गेल्या आहेत. काम करता करता कुणी हाक मारावी आणि माणसाने मान वर करावी, पण मन अजून कामातच असावं, तसे डोळे आहेत. तो आपल्याला पाहतो आहे आणि तोलतोही आहे. गिऱ्हाईक समजून विचारतो आहे, असं मला दर वेळी वाटतं. सांगा, यावर काय कोरू?

या प्रश्नाच्या मागे 1768 चं बॉस्टन उभं आहे. आदल्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने टाउनशेंड कायदे करून वसाहतींत येणाऱ्या पाच वस्तूंवर जकात बसवली होती. काच, शिसं, कागद, चित्रकाराचे रंग आणि चहा. यादी पुन्हा वाचा आणि मग चित्राकडे पाहा. किटली चहाची, म्हणजे तीत पडेल त्या चहावर कर. आणि ती ज्या रंगांनी रंगवली त्या रंगांवरही कर. कॉप्ली आणि रिव्हिअर दोघांच्याही पोटावर हा कायदा आला होता. फेब्रुवारी 1768 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहाने इतर वसाहतींना पत्र धाडलं की आमचा प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटने आमच्यावर कर बसवणं न्यायाला धरून नाही. लंडनहून हुकूम आला, पत्र मागे घ्या. 30 जूनला मतं मोजली गेली. मागे घेऊ नये म्हणणारे 92, घ्यावं म्हणणारे 17. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला लाल डगल्यांच्या पलटणी जहाजांतून बॉस्टनच्या धक्क्यावर उतरल्या. जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव, आणि रस्त्यारस्त्यावर शिपाई.

म्हणून किटलीत बंडखोरी शोधायचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण किटली इतकी सोपी नाही. चहाची भांडी ही चांदीच्या कारागिराची भाकरी होती. राजाच्या बाजूची घरं त्याच्याकडून भांडी घडवून घेत आणि राजाच्या विरोधातली घरंही. चहा सोडा म्हणणाऱ्यांत रिव्हिअरचे मित्र होते, तो स्वतः होता, आणि लोकांनी चहा सोडला तर किटल्या कोण घेणार? चळवळीची झळ आधी चळवळ करणाऱ्याच्या घराला लागते. चित्रातला हात किटलीला धरून आहे, तो प्रेमाने आणि काळजीनेही. दोन्ही अर्थ एकाच पकडीत मावतात आणि कॉप्लीने त्यांतला एकही पुसून टाकलेला नाही.

त्याच वर्षी रिव्हिअरने दुसऱ्या एका भांड्यावर मात्र बेधडक कोरलं. स्वातंत्र्याचे पुत्र म्हणवणाऱ्या मंडळींपैकी पंधरा जणांनी त्याच्याकडून चांदीचा एक कटोरा घडवून घेतला. त्या 92 जणांच्या सन्मानासाठी. कटोऱ्याच्या काठावर पंधरा जणांची नावं आहेत, अंगावर त्या मतदानाची हकिकत आहे. लंडनमध्ये राजावर टीका केल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या जॉन विल्क्सच्या नियतकालिकाचा तो टीकेचा अंक 45 वा होता, म्हणून त्या अंकाचा आकडाही कोरलेला आहे. एका वर्षातली एकाच हाताची ही दोन भांडी, एक मुकं आणि एक बोलणारं. कटोरा इतिहासकाराला जास्त मोलाचा, हे मान्य. रसिक म्हणून मी मुक्या किटलीपाशी जास्त वेळ थांबतो.

कोरण्याचा हा हात पुढे कुठवर गेला तेही पाहायला हवं. 5 मार्च 1770 च्या रात्री बर्फाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर जमाव आणि शिपाई यांची बाचाबाची झाली, गोळ्या सुटल्या, पाच माणसं मेली. काही आठवड्यांत रिव्हिअरचं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र छापून विक्रीला आलं. त्यात शिपाई कवायतीसारखे एका रांगेत उभे आहेत, अधिकारी तलवार उंचावून हुकूम देतो आहे, समोर निःशस्त्र नागरिक कोसळत आहेत आणि शिपायांच्या मागच्या इमारतीवर खाटीकखाना अशी पाटी आहे. प्रत्यक्षात रांग नव्हती, गोंधळ होता. त्या अधिकाऱ्याला पुढे ज्युरीने निर्दोष सोडलं, आणि त्याचं वकीलपत्र घेणारा होता जॉन अ‍ॅडम्स, जो नंतर अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. मेलेल्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स हा मिश्र वंशाचा खलाशी होता, पण रिव्हिअरच्या छापात तो वेगळा ओळखू येत नाही. वसाहतींत संताप पेटवायला या छापाने जे केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं.

आणि मूळ रचना रिव्हिअरची नव्हतीच. ती हेन्री पेलमची होती, खारीच्या चित्रातल्या त्याच मुलाची. पेलमने आपला आराखडा त्याला दाखवला होता. रिव्हिअरने तो न विचारता कोरला आणि आधी बाजारात आणला. पेलमने त्याला जळजळीत पत्र लिहिलं आणि हे वाटेत गाठून लुटण्यासारखं झालं म्हणून सुनावलं. मी रिव्हिअरचा चाहता आहे, पण इथे पेलमची बाजू खरी आहे, आणि चळवळीला उपयोग झाला म्हणून ती खोटी ठरत नाही. 1768 च्या चित्रातला तो स्वच्छ, थांबलेला, विचार करणारा हात दोन वर्षांत घाईला आला होता. म्हणून तर त्या थांबलेल्या क्षणाची किंमत मला अधिक वाटते.

आता चित्रकाराकडे वळू, कारण किटलीने खरी परीक्षा त्याची घेतली. 1769 मध्ये कॉप्लीचं लग्न सुझॅना क्लार्कशी झालं. तिचे वडील रिचर्ड क्लार्क बॉस्टनमधले मोठे चहाचे व्यापारी. 1770 मध्ये टाउनशेंड कायद्यांतली बाकीची जकात उठली, चहावरची तेवढी राहिली. 1773 मध्ये पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीला वसाहतींत थेट चहा विकायची मुभा दिली आणि बॉस्टनला तो उतरवून घेणाऱ्या अडत्यांत क्लार्क होते. चहा स्वस्त होणार होता. लोकांची हरकत किमतीला नव्हती, कर बसवण्याच्या हक्काला होती.

कंपनी तीच, जिला आपण ओळखतो. बंगालमध्ये 1770 च्या भीषण दुष्काळानंतर तिची गंगाजळी आटली होती आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. अमेरिकेचा बाजार तिला वाचवण्यासाठी हवा होता. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने 1773 मध्ये टोपणनावाने लिहिताना आपल्या लोकांना बजावलं की या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, तिने लुटलेले आणि उपाशी मारलेले लोक पाहा, तीच आता इकडे वळली आहे. त्याच साली ऑगस्टअखेर पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यानंतर मार्च 1775 मध्ये राघोबादादांनी कंपनीच्या मुंबईकर सरकारशी सुरतेचा तह केला. दीडच महिन्यानंतर लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. चहाच्या पेटाऱ्याचं एक टोक बॉस्टनच्या बंदरात होतं आणि कंपनीच्या पसाऱ्याचं दुसरं टोक आपल्या दारात.

नोव्हेंबर 1773 मध्ये जमाव क्लार्कांवर चालून गेला, अडते बंदरातल्या किल्ल्यात जाऊन राहिले. कॉप्ली मध्यस्थी करायला पुढे झाला. गावसभेत बोलला, होडीने किल्ल्यावर गेला, सासऱ्यांना समजावलं, परत येऊन सभेला समजावलं. जमलं नाही. 16 डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरचे चहाचे 342 पेटारे लोकांनी फोडून समुद्रात रिकामे केले. दुसऱ्या दिवशी ती बातमी घेऊन न्यूयॉर्कच्या वाटेला घोड्यावर जो निघाला तो पॉल रिव्हिअर.

पुढच्या वसंतात एका रात्री कॉप्लीच्या दारावर लोक आले. राजपक्षाचा एक माणूस घरात लपवलाय का, म्हणून विचारू लागले, धमकावून गेले. जून 1774 मध्ये कॉप्ली जहाजात बसला. तो बॉस्टनला पुन्हा कधीच आला नाही. त्याला भ्याड म्हणायला मी तयार नाही. ज्या हाताने रिव्हिअर रंगवला त्याच हाताने त्याच सुमारास ब्रिटिश सेनापती टॉमस गेजचं चित्रही काढलं होतं. पुढे 1772 च्या सुमारास चळवळीतल्या सॅम्युएल अ‍ॅडम्सलाही त्यानेच रंगवलं, वसाहतीच्या सनदेवर बोट ठेवून उभा राहिलेला. समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला त्याच्या बाजूने पाहायचं, ही त्याची विद्या होती. अशा माणसाला एक बाजू घेणं किती जड जात असेल! 18 एप्रिल 1775 च्या रात्री त्या गेजच्या फौजा कॉन्कर्डकडे निघाल्या आणि त्यांच्या आधी लेक्झिंग्टनला खबर पोचवायला रिव्हिअर निघाला. कॉप्लीच्या दोन चित्रांतली दोन माणसं एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरली तेव्हा चित्रकार परदेशी होता.

त्या रात्री रिव्हिअर एकटा नव्हता. विल्यम डॉज दुसऱ्या वाटेने गेला होता, आणि रिव्हिअर वाटेत पकडला गेल्यावर कॉन्कर्डपर्यंत पोचला तो डॉक्टर सॅम्युएल प्रेस्कॉट. लाँगफेलोने 1860 मध्ये कविता लिहिली आणि घोडेस्वार म्हटला की एकट्या रिव्हिअरचं नाव, असं झालं. मला घोड्यावरच्या रिव्हिअरपेक्षा त्याच्या हाताची दुसरी एक गोष्ट आठवते. त्याला त्या रात्री धाडणारा डॉक्टर जोसेफ वॉरन दोन महिन्यांनी बंकर हिलच्या लढाईत पडला आणि शिपायांनी त्याला तिथेच पुरलं. 1776 मध्ये ब्रिटिश फौज बॉस्टन सोडून गेल्यावर प्रेत उकरलं तेव्हा ते ओळखणार कसं? रिव्हिअर खोटे दातही बसवायचा. वॉरनच्या दातांना त्यानेच तार बांधली होती. त्याने आपलं काम ओळखलं, आणि वॉरन सापडला.

कॉप्लीचंही एक सांगितलं पाहिजे. 1782 मध्ये लंडनला तो एल्काना वॉटसन नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याचं चित्र काढत होता. मागे समुद्रात एक जहाज रंगवलं होतं, पण त्यावरचा झेंडा काढायचा बाकी ठेवला होता. 5 डिसेंबरला राजा तिसरा जॉर्ज पार्लमेंटमध्ये वसाहतींचं स्वातंत्र्य मान्य करणारं भाषण करून गेला. भाषण ऐकून वॉटसन आणि कॉप्ली घरी आले आणि कॉप्लीने ब्रश उचलून त्या जहाजावर अमेरिकेचा झेंडा काढला. ही हकिकत वॉटसनने स्वतः लिहून ठेवली आहे. चौदा वर्षांपूर्वी एका चित्रात त्याने कोरायची जागा रिकामी ठेवली होती. या चित्रातली जागा त्याने वाट पाहून, खात्री झाल्यावर, आपल्या हाताने भरली. बॉस्टन सोडलेल्या माणसाने बॉस्टनसाठी एवढं केलं, आणि मला ते पुरेसं वाटतं.

रिव्हिअर 1818 मध्ये वारला, कॉप्ली त्याच्या तीन वर्षं आधी लंडनमध्ये. चित्र रिव्हिअर घराण्यातच राहिलं आणि 1930 मध्ये वंशजांनी ते संग्रहालयाला दिलं. कटोरा 1949 मध्ये आला. त्यासाठी वर्गणी जमवली तेव्हा बॉस्टनच्या शाळकरी मुलांनीही पैसे घातले होते. आपली कितीतरी माणसं आता बॉस्टनकडे असतात, मुलांकडे-सुनांकडे जाऊन महिना-महिना राहतात. गेलात तर हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या संग्रहालयात एक दुपार काढा. चित्रासमोर उभे राहिलात की चेहऱ्याकडे लगेच जाऊ नका. आधी किटली पाहा, चांदीवर उमटलेली बोटं नीट पाहा, आणि मग मान वर करा.